कोन्ते देशमुख? : आमच्या ग्रामसभेला खुले पत्र

मा. सरपंचताई, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामसभेत हात वर करणारी व न करणारी समस्त मंडळी यांस,

स. न. वि. वि.

मागच्या ग्रामसभेत विषय क्रमांक सहा आला तेव्हा निम्मी सभा उठून गेली होती. घरकुलाची यादी वाचून झाली की आपल्याकडे सभा संपते. पुढचे विषय सतरंजी गोळा करता करता मंजूर होतात. त्यातच हा एक झाला : 'एसटी थांब्याजवळील चौकास देशमुख चौक असे नाव देण्यात यावे.' सूचक आहे, अनुमोदक आहे, सर्वानुमते आहे. मीही तिथंच होतो आणि मीही हात वर केला. म्हणून हे पत्र तुमच्याविरुद्ध कमी आणि माझ्याविरुद्ध जास्त आहे.

बाहेर पानठेल्यावर आलो. ठेलेवाल्यानं पानाला चुना लावता लावता विचारलं, "काका, कोन्ते देशमुख?"

मी म्हटलं, "अबे, पंजाबराव. अजून कोन्ते?"

"नाही, वाड्यावरचे म्हन्तात त्यायच्या आजोबाचं नाव हाये म्हनून. अन् हे पोट्टं म्हन्ते विलासरावचं."

ते पोट्टं मोबाइलवरून मान न उचलता म्हणालं, "रितेशचं असन तं मी सेल्फी काढाले येतो."

सगळे हसले, मीही हसलो. घरी आलो, जेवलो, आडवा झालो आणि मग मात्र तो प्रश्न काही केल्या जाईना. कारण हा घोळ मला नवा नाही. या गावात तो ज्यांनी रुजवला त्यांत मी पहिला आहे.

तुम्हाला माहीत आहे, मी गावच्या पीककर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो. मार्चअखेर आला की नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायला, ओट्यावर रांग लागायची. मुदतीत कर्ज भरलं की तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर कास्तकाराला व्याज पडत नाही. तो भार केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. राज्याच्या वाट्याच्या योजनेचं नाव 'डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना'. एवढं लांब नाव प्रत्येकाच्या खात्यापुढे कोण लिहिणार? मी रजिस्टरात 'दे.व्या.' लिहायला लागलो. देशमुख व्याज. रांगेतले लोक वाचत नव्हते, पण ऐकत होते. "तुमचं देशमुखचं झालं, पुढचा या." दोन-तीन वर्षांत गावात ती 'देशमुखची योजना' झाली. पंजाबराव कधी गळाले ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग एका वर्षी जूनमध्ये एक कास्तकार आला. दोन एकराचा माणूस. मुलीला अमरावतीला शिकायला पाठवलेली, ती बाहेर खोली करून राहायची. म्हणाला, "साहेब, देशमुखच्या योजनेचा दाखला पायजे." मी खातं काढलं, कर्ज मुदतीत भरलेलं होतं. तसा दाखला लिहिला, शिक्का मारला, हातात दिला. त्याला हवं होतं भलतंच. अल्पभूधारकांच्या आणि मजुरांच्या शिकणाऱ्या मुलांसाठी 'डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना' आहे. तिला अल्पभूधारक असल्याचा दाखला लागतो, सोसायटीचा नाही. पोरीच्या अर्जाला भलताच कागद जोडला गेला, अर्ज परत आला आणि तोवर तारीख निघून गेली होती. त्या वर्षीचा तिचा भत्ता बुडाला. पुढच्या वर्षी मिळाला, पण पहिलं वर्ष तिनं कसं काढलं ते तिच्या बापानं मला ओट्यावर उभं राहून सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

यानंतरही मी शिकलो नाही, हेही कबूल करतो. २०२२ साली कायमची तोडलेली वीज जोडून घेण्यासाठी 'विलासराव देशमुख अभय योजना' आली. ती शेतीपंपांसाठी नव्हती. पण 'देशमुखची योजना' म्हटल्यावर आपले चार लोक पंपाची बिलं घेऊन माझ्याच घरी आले. मी तेव्हा निवृत्त झालेलो होतो. तरी लोकांच्या लेखी देशमुख म्हणजे मी!

आता मुद्द्यावर येतो. देशमुख हे मुळात नावच नाही. ते पद आहे. परगण्याचा देशमुख, त्याच्या हाताखाली दप्तराला देशपांडे, गावात पाटील आणि कुळकर्णी. सारा गोळा करायचा, सरकारात भरायचा, आपला हक्क कापून घ्यायचा. राजवट कोणाची का असेना, वतन चालू. पुढे पद गेलं आणि आडनाव राहिलं. म्हणून या आडनावाखाली एक जात नाही, एक घराणं नाही. कुणबी-मराठा देशमुख आहेत, ब्राह्मण आहेत, कायस्थ प्रभू आहेत आणि आपल्या वऱ्हाडात मुसलमान देशमुखही आहेत. पंजाबरावांचं मूळ आडनाव कदम. पुण्याचे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे मूळचे सिधये. वाड्यावरच्या मंडळींनी राग मानू नये, पण नुसतं 'देशमुख चौक' लिहिलं तर वाचणाऱ्याला एवढंच कळतं की इथं कोणीतरी सारा गोळा करत होतं.

लोकहितवादींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १८४८ पासून त्यांनी 'प्रभाकर' साप्ताहिकात आपल्याच लोकांना उद्देशून शंभरावर पत्रं लिहिली. अशी खुली पत्रं लिहायची खोड म्हणजे देशमुखी खोडच म्हणा. मी देशमुख नाही, तरी लागली.

आमच्या घरी वडिलांची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात सातबाऱ्याचे जुने उतारे, आजीचा चांदीचा आकडा आणि एका पाकिटात दहाची एक नोट. सहाव्या जॉर्जचं चित्र, कडा कुरतडलेल्या, मधोमध घडीची चीर. खाली गव्हर्नर म्हणून सही आहे, सी. डी. देशमुख. वडील ती नोट दाखवून म्हणायचे, "पाह्य, राजा इंग्रजाचा पण सही आपल्या मानसाची." चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६, रायगडकडचे. १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिले. उमेदीची वर्षं नोकरीत काढली ती आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढे देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून खुर्ची सोडून बाहेर पडले. ठाण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांसाठी त्यांच्या नावाची संस्था आहे, दिल्लीत इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये त्यांच्या नावाचं सभागृह आहे. आपल्या गावातला एक मुलगा त्या ठाण्याच्या संस्थेच्या प्रवेशाचा फॉर्म भरत होता. त्याला मी विचारलं, हे चिंतामणराव कोण? म्हणाला, "पंजाबरावचे भाऊ असतीन." बरं, त्याला हसायचं कोणत्या तोंडानं?

आपल्याच गल्लीतली एक पोरगी दिल्लीला शिकते. तिनं गेल्या वर्षी मला मोबाइलवर फोटो पाठवला. मेट्रोचं स्टेशन, फलकावर 'दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस'. खाली तिनं लिहिलं होतं, 'काका, देशमुख इथपर्यंत पोचले.' मी तिला उलट लिहिलं की या देशमुख आपल्याकडच्या नाहीत. राजमहेंद्रीच्या तेलुगू बाई, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या, आंध्र महिला सभा काढलेल्या, संविधान सभेच्या सदस्य. १९५३ मध्ये चिंतामणरावांशी लग्न झालं तेव्हा हे आडनाव त्यांना मिळालं. तोवरचं मोठं काम त्यांनी त्या आडनावाशिवायच केलं होतं. आणि स्टेशनवर पाहा, दिल्लीवाल्यांनी 'देशमुख स्टेशन' लिहिलेलं नाही. दुर्गाबाई लिहिलंय.

आणखी एक देशमुख सांगतो, ज्यांचं नाव आपल्या गावात कोणालाच ठाऊक नाही आणि ज्यांचे उपकार मात्र या गावातल्या बऱ्याच घरांवर आहेत. डॉ. गोपाळराव देशमुख. मुंबईचे सर्जन. मुंबईत ज्याला सगळे पेडर रोड म्हणतात त्याचं कागदोपत्री नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग आहे. टॅक्सीवाल्याला सांगून पाहा, तो तुमच्याकडेच पाहत राहील. या माणसानं मध्यवर्ती कायदेमंडळात बसून १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा करून घेतला. वकील लोक त्याला देशमुख कायदाच म्हणायचे. नवऱ्याच्या मागे विधवेला मुलाच्या बरोबरीनं वाटा, असा तो कायदा. वाटा हयातीपुरताच, विकायची मुभा नाही, हा त्यातला लंगडेपणा. शेतजमिनीला तो पुढे प्रांतांनी वेगळे कायदे केले तेव्हा लागू झाला आणि १९५६ च्या कायद्यानं त्या हयातीच्या वाट्याची पूर्ण मालकी झाली. त्या पत्र्याच्या पेटीतला एक उतारा माझ्या आजीच्या नावाचा आहे. तीन एकर, विहिरीकडची पट्टी. आजोबा गेले तेव्हा दिरांनी तिला माहेरी धाडायचं ठरवलं होतं. ती गेली नाही. "माह्या नावाचं वावर हाये," एवढं एकच वाक्य ती मरेपर्यंत बोलत राहिली. त्याच वावरातल्या तुरीवर माझे वडील शिकले. आजीला गोपाळराव ठाऊक नव्हते, मला तरी कुठं होते? निवृत्तीनंतर कागद चाळताना कळले.

नानाजी देशमुखांचं तर अजून मजेशीर आहे. ते आपल्या वाशीमला लागून असलेल्या हिंगोलीतले, कडोळी गावचे. चंडिकादास हे पाळण्यातलं नाव. चित्रकूटला ग्रामविकासाचं काम उभं केलं, देह मरणानंतर एम्सला दान केला, २०१९ मध्ये मरणोत्तर भारतरत्न झाले. आपला सगळा खारपाणपट्टा त्यांच्या नावाच्या 'कृषी संजीवनी' प्रकल्पात आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली खाऱ्या पाण्याची नऊशेवर गावं त्यात घेतली. तुमच्यापैकी किती जणांनी त्यातून स्प्रिंकलर घेतले ते मला माहीत आहे. पण विचारलं तर काय सांगता? "पोकरातून घेतले." पोकरा! इंग्रजी नावातली अक्षरं उचलून केलेला तो शब्द. म्हणजे एकीकडे देशमुख राहिले आणि पंजाबराव गेले, दुसरीकडे नानाजीही गेले आणि देशमुखही गेले.

आता पंजाबराव. माझी खात्री आहे की ठराव मांडणाऱ्याच्या मनात तेच होते. मग त्यांच्याच नावाचं काय झालं ते पाहा. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ साली निघालं तेव्हा ते नुसतं पंजाबराव कृषी विद्यापीठ होतं. पीकेव्ही. आपण आजही तेच म्हणतो. बियाण्याच्या थैलीवर पाहा, 'पीकेव्ही तारा' तूर, 'पीकेव्ही रजत' कपाशी. नंतर नाव पूर्ण झालं, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, म्हणून अलीकडच्या हरभऱ्याच्या थैलीवर 'पीडीकेव्ही कांचन' येतं. एक अक्षर वाढलं ते देशमुखांचं. विद्यापीठानं आधी माणसाचं नाव घेतलं आणि आडनाव मागून जोडलं. आपण चौकात आडनाव ठेवतोय आणि माणूस टाकतोय.

या माणसाची अडचण अशी की त्यानं स्वतःचं नाव कशालाच दिलं नाही. १९३२ मध्ये अमरावतीला शिक्षणसंस्था उभी केली तिला नाव दिलं श्री शिवाजी. त्यांच्या नावाचं जे काही दिसतं, मेडिकल कॉलेज असो, विद्यापीठ असो की योजना, ते मागच्यांनी दिलेलं. जन्म १८९८, पापळ गाव, आपल्याच जिल्ह्यातलं. इंग्लंडात बॅरिस्टर झाले, ऑक्सफर्डला वेदांतल्या धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. परत येऊन वेदाचे डॉक्टर म्हणून मिरवता आलं असतं. ते अंबादेवीच्या मंदिराचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून सत्याग्रहात उभे राहिले. लग्न केलं तेही जातीबाहेर, विमलाबाईंशी. १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्री. १९६५ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या जागी अमरावतीनं विमलाबाईंनाच लोकसभेत पाठवलं. सरपंचताई, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं. तुमच्या खुर्चीमागच्या भिंतीवर जे आठ फोटो आहेत त्यात बाई एकच आहे, आणि ती विमलाबाई नाही.

पण मला चौकासाठी त्यांच्या चरित्रातली एकच गोष्ट हवी आहे. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. ज्याच्या गावात दहा हातांवर गोडं पाणी लागतं त्याला यातलं फारसं कळणार नाही. आपल्या खारपाणपट्ट्यात कळतं. इथं विहीर खणली तर पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. शंभर विहिरींमागे एखादी गोडी निघायची. ती ज्याच्या ताब्यात, गाव त्याच्या ताब्यात. आपल्या गावातली गोडी विहीर कुठं आहे? त्याच चौकात. एसटी थांब्याच्या मागे, पानठेल्याच्या डाव्या हाताला. दगडी बांधणी, वरच्या थराला दोराच्या खाचा. त्या खाचांत बोट घालून पाहा, अर्धं बोट आत जातं. पंजाबराव या विहिरीवर स्वतः आले होते असं काही मी सांगत नाही, उगाच दंतकथा कशाला! पण या खाचा आधी कोणाच्या दोरांनी पडल्या आणि मागून कोणाच्या, हे सांगणारी म्हातारी माणसं माझ्या लहानपणी या गावात होती. माझ्या वर्गातल्या एका मित्राची आई तिथं घागर घेऊन उन्हात थांबायची, कोणी ओतून देईल म्हणून. कायदा झाला, विहीर खुली झाली, तरी ती थांबायची. सवय मोडायला तिला बरीच वर्षं लागली आणि देणाऱ्यांना तिच्याहून जास्त.

आज त्या विहिरीत काय आहे? नळयोजना आल्यापासून तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. पाण्याच्या पाउचची रिकामी प्लास्टिकं, गणपतीचे मखर, एक तुटकी सायकल आणि मागच्या निवडणुकीचे फ्लेक्स. ठेलेवाला चुन्याचे रिकामे डबे तिथंच फेकतो. परवा मी डोळ्यांनी पाहिलं.

तर माझ्या मागण्या. ठराव रद्द करा असं मी म्हणत नाही. त्यात दुरुस्ती करा आणि नाव पूर्ण लिहा : डॉ. पंजाबराव देशमुख चौक. खाली बारीक अक्षरात, ते पापळचे होते आणि त्यांनी विहिरी खुल्या केल्या, एवढं. पुतळ्याच्या वर्गणीची जी कुजबूज ऐकू येते ती तिथंच थांबवा. त्या पैशात विहिरीचा गाळ निघतो, वर लोखंडी जाळी बसते. पाटी जाळीनंतर लागेल, आधी नाही. वाड्यावरच्या आजोबांनी शाळेला जागा दिली होती हे मला मान्य आहे आणि त्याचं ऋणही आहे. त्यांचं नाव, त्यांच्या पूर्ण नावानं, शाळेच्या फाटकावर लावा. त्या ठरावाचा सूचक मीच होईन. आणि बचत गटाच्या नव्या खोलीला अजून नाव नाही. तिथं दुर्गाबाई किंवा विमलाबाई यांचा विचार गटातल्या बायकांनीच करावा. आम्ही पुरुषांनी त्यात हात वर करू नये.

मी उपसरपंचांना हे तोंडी बोललो तेव्हा ते म्हणाले, "काका, पेंटर अक्षरावर पैसे घेते." बरोबर आहे. 'देशमुख चौक' सहा अक्षरांत होतं. 'डॉ. पंजाबराव' जोडलं की बारा. वरच्या सहा अक्षरांचे पैसे मी देतो, बारीक ओळीचेही देतो. पेंटर सोमवारी बाजाराला येतो, त्याला घरी पाठवा. रजिस्टरात नोंद करताना मात्र कृपा करून 'दे. चौक' लिहू नका.

आपला,
गावचा जुना गटसचिव